दर्याची वाट आणि १८५५ चा कायदा

२४ मे २०२२. पर्यटनाचा हंगाम संपत आला होता. स्कूबा डायव्हिंग करून वीसेक पर्यटक तारकर्लीच्या किनाऱ्याकडे परतत होते. वाटेत बोट बुडाली आणि दोघांचा जीव गेला. मालवणच्या रुग्णालयाबाहेर त्या दुपारी जमलेल्या नातेवाइकांपुढे पहिला प्रश्न होता तो शोकाचा. दुसरा प्रश्न चार-आठ दिवसांनी घरातलं कुणीतरी दबक्या आवाजात विचारतं: आता दाद मागायची कुठे?

हाच मृत्यू मुंबई-गोवा महामार्गावर झाला असता, तर उत्तर सोपं होतं. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण. कोकण रेल्वेच्या डब्यात झाला असता, तर रेल्वे दावा न्यायाधिकरण. पण मृत्यू समुद्रात झाला. वकिलाने कपाट उघडलं की त्याच्या हाती प्रथम येतो तो १८५५ सालचा कायदा क्रमांक १३, म्हणजे प्राणघातक अपघात कायदा. अठराशे सत्तावनच्या उठावाहून दोन वर्षांनी जुना आणि आजही जिवंत.

मालवणच्या किनारपट्टीची सगळ्यात जुनी वाट पाण्याची. घाटातले रस्ते नंतर झाले, रेल्वे तर कालपरवा आली. तरीही नुकसानभरपाईच्या कायद्यातल्या बहुतेक मोठ्या सुधारणा रुळांवरून आणि डांबरावरून आल्या, आणि दर्याच्या वाटेवर गेलेल्याच्या घरच्यांसाठी जुनाच दरवाजा उरला. हे असं का झालं, ते समजण्यासाठी थोडं मागे जावं लागतं.

कमावता माणूस गेला की त्याच्या घराचं काय, हा प्रश्न इंग्रजांनी आणला नाही. सभासदाच्या बखरीत अफझलखानाच्या प्रसंगानंतरची हकीकत आहे. लढाईत पडलेल्यांच्या मुलांचं चालवलं गेलं आणि ज्यांना मुलगा नव्हता त्यांच्या बायकांना निम्मं वेतन लावून दिलं गेलं. मराठी राज्याच्या कागदपत्रांत 'बालपरवेशी' हा शब्द येतो. कामी आलेल्या माणसाच्या मुलाबाळांसाठी चालवलेली ती नेमणूक. १६६४ मध्ये मालवणसमोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली, त्या काळातल्या आरमारी घरांनाही हा विचार परका नव्हता. मात्र ही धन्याने चाकराच्या कुटुंबाला दिलेली साथ होती. दुसऱ्याच्या हलगर्जीपणाने माणूस मेला, म्हणून त्या दुसऱ्याकडून कुटुंबाने हक्काने भरपाई घ्यायची, ही गोष्ट वेगळी.

आणि त्या वेगळ्या गोष्टीबाबत इंग्लंडचा कायदाही बराच काळ निष्ठुर होता. १८०८ मध्ये बेकर विरुद्ध बोल्टन हा खटला उभा राहिला. प्रवासी घोडागाडी उलटली, नवरा-बायको दोघंही जखमी झाली आणि महिनाभराने बायको वारली. न्यायाधीश लॉर्ड एलनबरो यांनी नवऱ्याला त्याच्या स्वतःच्या दुखापतीसाठी आणि बायको जिवंत असेपर्यंतच्या काळात तिची साथ मिळाली नाही त्यासाठी भरपाई दिली. तिच्या मृत्यूसाठी काहीच नाही. मनुष्याचा मृत्यू ही दिवाणी कोर्टात दाद मागण्यासारखी इजा नव्हे, असं तत्त्व त्यांनी सांगितलं. याचा सरळ परिणाम असा की एखाद्याचा पाय मोडला तर पैसे द्यावे लागत, आणि तोच माणूस मेला तर गाडीमालक मोकळा.

मग आगगाड्या आल्या आणि एकेका अपघातात माणसं घाऊक मरू लागली. अखेर १८४६ मध्ये लॉर्ड कॅम्पबेल यांच्या पुढाकाराने इंग्लंडमध्ये कायदा झाला आणि मृताच्या कुटुंबाला दावा लावण्याचा अधिकार मिळाला. इकडे १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली. त्यानंतर दोन वर्षांच्या आत, २७ मार्च १८५५ रोजी, कॅम्पबेल यांच्या कायद्याच्या साच्यातून काढलेला कायदा हिंदुस्थानात मंजूर झाला.

कायदा अगदी आटोपशीर आहे. दुसऱ्याच्या चुकीच्या कृत्याने, दुर्लक्षाने किंवा कसुरीने माणूस मेला, आणि तो जगला असता तर त्याला स्वतःला दावा लावता आला असता, तर आता तो दावा कुटुंबासाठी लावता येईल. लाभ कुणाला? पत्नी, पती, आईवडील आणि मुलं. आईवडिलांत आजी-आजोबा धरले, मुलांत नातवंडं आणि सावत्र मुलंही धरली. सगळ्यांसाठी दावा मात्र एकच लावायचा, आणि मृत्यूमुळे ज्याचं जेवढं नुकसान झालं त्या प्रमाणात कोर्टाने रक्कम वाटून द्यायची.

या यादीत भाऊ नाही, बहीण नाही. इंग्लंडमधल्या कुटुंबाकडे पाहून केलेल्या या यादीत कोकणातलं एकत्र घर मावत नव्हतं. थोरला मुंबईत राबतो, त्याच्या पैशावर धाकट्याचं शिक्षण आणि बहिणीचं लग्न व्हायचं असतं. तो गेला की धाकट्या भावाचं जे जातं, ते या कायद्याला दिसत नाही.

आणखी एक गाठ इथल्या भूगोलाची. आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याचा जन्म १ मे १९८१ चा, रत्नागिरीपासून वेगळा झालेला. १८५५ मध्ये मालवण आणि वेंगुर्लं ही बंदरं कंपनीच्या मुलखात होती. १८१२ मध्ये मालवण कोल्हापूरकरांकडून आणि वेंगुर्लं सावंतवाडीकरांकडून इंग्रजांच्या ताब्यात गेलं होतं. पण काही कोसांवरचं कुडाळ आणि सावंतवाडी हे संस्थानी मुलूख. ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे तिथे आपोआप लागू होत नसत. १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. तोवर शेजारच्या दोन गावांतल्या दोन विधवांचे हक्क हद्दीच्या दगडावरून ठरत होते.

*

त्या काळात तळकोकणातून मुंबईला जायचं म्हणजे बोटीनेच. विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्लं आणि पुढे पणजी. आगबोट धक्क्याला लागतच नसे, कारण मालवणच्या बंदरात पाण्याखाली खडक पसरलेले. बोट बाहेर नांगरायची आणि उतारू होड्यांतून काठाला यायचे. डोक्यावर ट्रंक, कडेवर मूल, खाली हेलकावणारं पाणी. पावसाळा तोंडावर आला की ही वाहतूक बंद. बाकीचे आठ महिने गिरणीतल्या चाकरमान्याचं गावाशी असलेलं नातं या बोटीवर आणि पोस्टमनने आणलेल्या मनीऑर्डरीवर तगून होतं.

मनीऑर्डर हा शब्द इथे सहज आलेला नाही. १८५५ च्या कायद्याखाली कोर्ट दुःखाची किंमत करत नाही. माणूस जगला असता तर घरी किती पैसा आला असता, एवढंच ते मोजतं. तळकोकणातल्या घरासाठी त्या मोजणीचं माप म्हणजे दर महिन्याची मनीऑर्डर. जिने त्या पावत्या लोखंडी पेटीत जपल्या, तिच्याकडे पुरावा होता. पण असा पुरावा कोर्टात चालतो, हे तिला सांगायला कोण होतं?

समुद्राने आपलं काम चालूच ठेवलं. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी वादळात 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन आगबोटी एकाच दिवशी बुडाल्या. दोन्ही इंडियन को-ऑपरेटिव्ह स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या. गोऱ्या कंपन्यांसमोर उभी राहिलेली ही देशी कंपनी, लोक तिला प्रेमाने 'माझी आगबोट' म्हणत. वीस वर्षांनी त्याच कंपनीची 'रामदास' गेली. १७ जुलै १९४७, गटारी अमावास्येचा दिवस. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली बोट काशाच्या खडकाजवळ कलंडली. सहाशेहून अधिक माणसं बुडाली. पोहत काठाला लागलेल्यांनी सांगितलं तेव्हा मुंबईला बातमी कळली. सगळ्या कोकण किनाऱ्यावर 'रामदास' हे नाव आजही आवाज खाली करून घेतलं जातं.

त्या सहाशे घरांच्या जागी उभं राहून कायदा वाचून पाहावा. १९०८ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे असा दावा लावायला मृत्यूपासून फक्त एक वर्ष होतं. म्हणजे १७ जुलै १९४८ पर्यंत. मधल्या काळात देश स्वतंत्र झाला, फाळणी झाली. त्या धामधुमीत रेवस-अलिबागकडच्या एखाद्या बाईने मुंबईचा वकील गाठायचा आणि कंपनीची चूक कुठे झाली ते सिद्ध करायचं: उतारू जास्त घेतले होते का, हवा पाहून बोट सोडायला नको होती का, तारू चालवण्यात कसूर झाली का. हे दाखवणारे कागद कंपनीच्या कपाटात. साक्षीदार समुद्राच्या तळाशी. पुरावा देण्याची जबाबदारी मात्र बाईवर.

१९६३ च्या नव्या मुदतीच्या कायद्याने एका वर्षाची दोन वर्षं केली. आजही दोनच आहेत.

*

कायद्यात पहिली मोठी भेग पाडली ती कामगारांनी. कामावर मेलेल्या माणसाच्या घराने मालकाची चूक सिद्ध करावी, ही अटच १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने काढून टाकली. १ जुलै १९२४ पासून तो लागू झाला. अपघात कामामुळे आणि कामावर असताना झाला एवढं पुरे. तळकोकणातल्या हजारो घरांचे कर्ते पुरुष गिरण्यांत, गोदीत आणि जहाजांवर होते, त्यामुळे हा कायदा मालवणच्या घरांपर्यंत मुंबईमार्गे पोहोचला.

त्यातलं एक कलम फार शहाणपणाचं होतं. मृत्यूची भरपाई मालकाने परस्पर घरच्यांच्या हातात ठेवली तर ती भरपाई म्हणून धरली जात नसे. रक्कम आयुक्ताकडे जमा करायची आणि आयुक्ताने ती वाटायची. तेराव्याच्या आत दारात येऊन, थोडे पैसे देऊन, कोऱ्या कागदावर अंगठा घेणाऱ्या मालकाला हे कलम अडवत असे. २००९ च्या दुरुस्तीनंतर या कायद्याचं नाव कर्मचारी नुकसानभरपाई कायदा झालं. त्याखाली २०२५ पर्यंत मृत्यूच्या बाबतीत मासिक वेतनाच्या निम्म्या रकमेला वयाप्रमाणे ठरलेल्या गुणकाने गुणलं जाई, आणि येणारी रक्कम कितीही कमी असली तरी भरपाई १,२०,००० रुपयांच्या खाली जात नसे.

यांत्रिक नौकेवर पगारावर असलेल्या खलाशाला कामावरच्या मृत्यूच्या भरपाईचा दरवाजा उघडा आहे. पण मालवणची मासेमारी पगारावर कुठे चालते? रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याला, सगळे गाबीत मच्छीमार वाटेकरी. जाळं सामाईक, ओढणं सामाईक, मासळीचे वाटे ठरलेले. नौकेवरही तांडेल आणि खलाशी वाट्यावर जातात. तिथे मालक कोण आणि नोकर कोण, या प्रश्नापाशीच दावा अडखळतो. समाजाची जी रीत एरवी सगळ्यांना समान ठेवते, तीच मृत्यूनंतर घराला उघडं पाडते. ही फट बुजवायला मच्छीमारांसाठी सरकारी अपघात विमा आला. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेखाली मृत्यूनंतर पाच लाख रुपये मिळतात.

आणि देह सापडलाच नाही तर? दर्यावर्दी समाजाची ही सगळ्यात जीवघेणी अडचण. ११ नोव्हेंबर २००९ रोजी, म्हणजे 'जयंती' आणि 'तुकाराम' बुडाल्या त्याच तारखेला, फयान वादळ कोकण किनाऱ्यावरून गेलं. रत्नागिरी-सिंधुदुर्गातले मच्छीमार त्यात बेपत्ता झाले. पुरावा कायद्याप्रमाणे सात वर्षं ज्याची काही खबर नाही, तो मेला असं कोर्ट धरतं. १८७२ च्या कायद्यात हे कलम १०८ होतं, आजच्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते १११ आहे. त्याआधीही परिस्थितीवरून मृत्यू सिद्ध करता येतो. नौका फुटलेली सापडली, सोबतचा खलाशी वाचून आला, त्याने डोळ्यांनी पाहिलेलं सांगितलं, तर कोर्ट ते विचारात घेतं. म्हणून बंदरावर परतलेल्या माणसाचा जबाब त्याच आठवड्यात पोलिसांकडे नोंदवून घेणं हे पुढच्या सगळ्या वाटांचं पहिलं पाऊल ठरतं. तो जबाब राहून गेला की बायको कपाळावर कुंकू ठेवून सात वर्षं वाट पाहते, आणि बँकेतलं खातं, विमा, नावावरची होडी, सगळं तिथेच थांबतं.

फयानसारख्या वादळात चूक कुणाचीच नसेल, तर १८५५ चा कायदा मदतीला येत नाही. तिथे उरते ती आपत्तीतली सरकारी मदत. वादळ हे वादळच. पण हवामान खात्याचा इशारा असताना नौका बाहेर काढायला कुणी भाग पाडलं का, हा प्रश्न वादळानंतरही शिल्लक राहतो. 'दैवात होतं' असं म्हणून घराने दार लावून घेतलं की तो प्रश्न कुणी विचारतच नाही.

*

दरम्यान रस्त्यांनी आपला वेगळा कायदा मिळवला. मोटारींचे अपघात वाढले तसं १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात १९५६ मध्ये दुरुस्ती होऊन दावा न्यायाधिकरणं आली. दिवाणी कोर्टाची लांबलचक वाट आणि रकमेच्या प्रमाणात भरायची कोर्ट फी यांतून कुटुंबं सुटली. विमा सक्तीचा, त्यामुळे पैसे द्यायला कुणीतरी खात्रीचा. १९८२ मध्ये चूक सिद्ध न करताही काही रक्कम देण्याची तरतूद आली. १९८८ चा नवा कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला. १९९४ च्या दुरुस्तीनंतर अर्जदार जिथे राहतो तिथल्या न्यायाधिकरणातही दावा लावता येऊ लागला. कणकवलीजवळ अपघात झाला तरी लालबागच्या कुटुंबाला मुंबईत दाद मागता येते, हा कोकणी घरांसाठी केवढा मोठा बदल! सध्याची मुदत मात्र कडक आहे: २०१९ च्या दुरुस्तीने सहा महिने ठरवले आणि ते १ एप्रिल २०२२ पासून लागू झाले.

भावाचा प्रश्नही रस्त्यावरच सुटला. १९८७ मध्ये गुजरात राज्य परिवहन महामंडळ विरुद्ध रमणभाई प्रभातभाई या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मोटार वाहन कायद्याखाली मृताचा भाऊही कायदेशीर प्रतिनिधी म्हणून भरपाई मागू शकतो. १८५५ च्या यादीत भारतीय कुटुंब मावत नाही, हे न्यायालयाने ओळखलं.

रक्कम कशी काढायची, याचा गोंधळही सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या निकालांनी बराच मिटवला. समजा तीस वर्षांचा, महिना १५,००० रुपये मिळवणारा, स्वतःचा धंदा करणारा माणूस गेला आणि मागे बायको, दोन मुलं आणि आई आहेत. पुढे वाढणाऱ्या कमाईपोटी चाळीस टक्के धरले की महिना २१,०००. त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा केला की १५,७५०. वर्षाचे १,८९,०००. तिशीच्या माणसाला गुणक १७. म्हणजे ३२,१३,०००, आणि त्यावर अंत्यसंस्कार, साथ गमावणं वगैरेंची ठरावीक रक्कम. कागदावरचं हे गणित आठवीतल्या मुलालाही करता येईल. म्हणूनच कुणी दोन लाखांत 'मिटवू या' म्हणत आला, तर कुटुंबाने आधी हे गणित मांडून पाहावं.

घरातल्या बाईचं मोल शून्य नाही, हेही न्यायालयाने सांगितलं. २००१ च्या लता वाधवा प्रकरणात गृहिणीच्या कामाची किंमत महिना ३,००० रुपये धरली गेली, आणि २०२१ च्या कीर्ती प्रकरणात गृहिणीचं उत्पन्न धरण्याची गरज न्यायालयाने पुन्हा ठासून मांडली. मासळी बाजारात पाटी घेऊन बसणाऱ्या, वाळवणं घालणाऱ्या, घर सांभाळणाऱ्या बाईचा मृत्यू हे आर्थिक नुकसान आहे, हे १८५५ पासून दीडशे वर्षांनी कायद्याच्या भाषेत आलं.

रेल्वेची गोष्ट सिंधुदुर्गाने स्वतः भोगली. २२ जून २००३ च्या रात्री कारवारहून मुंबईकडे निघालेली सुट्टीतली विशेष गाडी वैभववाडीजवळ दरडीवर आदळून रुळांवरून घसरली. पन्नासहून अधिक प्रवासी गेले. पहिल्याच जोरदार पावसात डोंगर खाली आला होता. दरड ही दैवी आपत्ती की उतार कापून लोहमार्ग टाकणाऱ्यांची कसूर, असा वाद दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षं चालला असता. रेल्वे कायद्यामुळे तो घरच्यांना घालावा लागत नाही. १९८९ च्या कायद्याच्या कलम १२४ खाली गाडी घसरली आणि प्रवासी मेला एवढं पुरे, रेल्वेची चूक असो वा नसो. तेव्हा ठरलेली रक्कम चार लाख होती, १ जानेवारी २०१७ पासून ती आठ लाख झाली. अर्ज अपघातापासून एका वर्षात करायचा असतो, आणि प्रवाशाजवळचं तिकीट इथे मोठा पुरावा ठरतं.

*

आता पुन्हा किनाऱ्याकडे. गेल्या तीस वर्षांत मालवणचा समुद्र वाहतुकीकडून पर्यटनाकडे वळला आणि त्याबरोबर मृत्यूही बदलला. १५ एप्रिल २०१७ रोजी बेळगावहून महाविद्यालयाच्या सहलीला आलेले आठ जण मालवणजवळच्या वायरीच्या समुद्रात बुडाले. ९ डिसेंबर २०२३ रोजी देवगडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेल्या चार विद्यार्थिनी बुडाल्या. अशा घटनेत जबाबदारी कुणाची, हे प्रत्येक प्रकरणाच्या पुराव्यावर ठरतं. पण दाद मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलेलं आहे. १९९५ मध्ये पंजाबातल्या एका शाळेची सहल बियास नदीवर गेली आणि चौदा मुलं बुडाली. पालक उच्च न्यायालयात गेले. २००१ मध्ये एम. एस. ग्रेवाल विरुद्ध दीपचंद सूद या निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक कुटुंबाला पाच लाख रुपयांची भरपाई कायम केली. मूल कमावतं नव्हतं म्हणून त्याच्या मृत्यूचं नुकसान नाही, हा युक्तिवाद टिकला नाही. सहलीला नेणाऱ्याने मुलांची पालकांसारखी काळजी घ्यायची असते, हे त्या निकालाने अधोरेखित केलं.

पैसे देऊन घेतलेली सेवा असेल, म्हणजे किल्ल्याची फेरी, डॉल्फिन दाखवणारी बोट, स्कूबाची सफर, तर ग्राहक आयोगाची वाटही आहे. तिथे मृत ग्राहकाचे वारस तक्रार करू शकतात आणि मुदत दोन वर्षांची. खाडीत चालणाऱ्या यांत्रिक नौकांना २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने विमा बंधनकारक केला. मोठ्या जहाजांविरुद्ध जीवितहानीचा दावा २०१७ च्या नौकाधिकरण कायद्याखाली उच्च न्यायालयात जातो. वाटा आहेत. पण रस्त्यावरच्या अपघातासाठी जसा एकच ओळखीचा दरवाजा आहे, तसा पाण्यावरच्या अपघातासाठी नाही. कुठली नौका, कुठलं पाणी, प्रवासी की खलाशी, पगारी की वाटेकरी, हे आधी ठरवा, मग दरवाजा शोधा. आणि यांतलं काहीच नीट बसलं नाही, तर १८५५.

यात आणखी एक गैरसमज घरोघरी भेटतो. पोलिसांनी गुन्हा नोंदवला म्हणजे भरपाईचं काम सुरू झालं, असं लोक धरून चालतात. हलगर्जीने मृत्यूचा गुन्हा दंड संहितेत १८७० मध्ये कलम ३०४-अ म्हणून आला आणि १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये आहे. त्या खटल्याचं काम शिक्षा देणं. घराच्या चुलीसाठीचा दावा वेगळा लावावा लागतो. फौजदारी खटला संपायची वाट पाहत बसलं तर दिवाणी मुदत निघून जाते. पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, बोटीचा परवाना आणि विमा, किती माणसं बसली होती याची नोंद, यांच्या प्रती पहिल्या महिन्यात हाती आल्या पाहिजेत.

त्यासाठी पैसे नाहीत म्हणून कुणी घरी बसण्याचं कारण नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली कोणत्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो, आणि कोर्ट फीचा भारही त्या मदतीत येतो. सिंधुदुर्गाचं जिल्हा न्यायालय ओरोसला आहे आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरण त्याच्याशी जोडलेलं आहे. वरच्या अपिलासाठी पूर्वी मुंबई गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसू लागलं आणि सिंधुदुर्ग त्याच्या कक्षेत आला. देवबागहून सकाळची एसटी पकडून घाट चढला की त्याच दिवशी सुनावणी गाठता येते. आगबोटीच्या काळातल्या बाईला हे स्वप्नातही दिसलं नसतं.

उरतं ते समुद्राचं. बंदरातून सुटणाऱ्या प्रत्येक प्रवासी नौकेला सक्तीचा विमा, चूक सिद्ध न करता मिळणारी ठरावीक रक्कम आणि किनाऱ्यावरच्या जिल्ह्यात बसणारं दावा न्यायाधिकरण, एवढीच मागणी आहे. यातलं काहीही नवं नाही. रुळांवर आणि रस्त्यावर हे सगळं कधीच मिळालं आहे. आज मालवणच्या जेटीवर उतारूंना केशरी जाकिटं चढवली जातात, होडी किल्ल्याकडे वळते, आणि हातातलं तिकीट बहुतेक जण पायऱ्यांवरच टाकून देतात. तारकर्लीच्या त्या बोटीतल्या दोघांसाठी १८५५ च्या कायद्याखाली दावा लावायची दोन वर्षं २४ मे २०२४ रोजी पुरी झाली.